शास्त्र, स्वभाव आणि मानधन

१८७५ साली रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे पाककृतींचे मराठी पुस्तक प्रसिद्ध झाले. त्याचे नाव 'सूपशास्त्र'. त्यानंतर पस्तीस वर्षांनी, १९१० साली, लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 'गृहिणी-मित्र अथवा एक हजार पाकक्रिया' हे पुस्तक आले. दोन्ही पुस्तकांचा विषय एकच. पदार्थ कोणते, त्यांना साहित्य किती लागते, आच केवढी ठेवायची, हे सांगणे एवढेच दोघांचेही प्रयोजन. तरीही पुरुषाच्या पुस्तकाला आपण 'शास्त्र' असल्याचे जाहीर करावेसे वाटले आणि हजार कृतींचा सांभार पोटात घेतलेल्या स्त्रीच्या पुस्तकाने 'मित्र' होण्यात समाधान मानले.

दोन शीर्षकांवरून सिद्धांत उभारणे धाडसाचे ठरेल, हे आम्हांला मान्य आहे. परंतु भाषेतील इतर शब्दही याच दिशेने बोट दाखवतात. घराघरांत रोज रांधणारी स्त्री. पण उत्तम स्वयंपाकाला आपण 'नलपाक' म्हणतो, तो निषध देशाच्या राजाच्या नावाने. विराटाच्या मुदपाकखान्यात एक वर्ष काढणाऱ्या भीमाने 'बल्लव' हे नाव घेतले होते; त्याला 'आचार्य' जोडून आपण 'बल्लवाचार्य' हा शब्द केला. द्रौपदीकडे मात्र थाळी आली, तीही सूर्याने दिलेली. म्हणजे तिथे कर्तृत्व थाळीचे. चांगला स्वयंपाक करणाऱ्या स्त्रीविषयी आपण काय म्हणतो? 'तिच्या हाताला चव आहे.' चव हाताला असते, जन्मजात असते. ती कमावावी लागत नाही, म्हणून तिचे मोलही करावे लागत नाही.

प्रस्तुत लेखात आम्हांला जे मांडायचे आहे, ते या एका वाक्यात आलेले आहे. एखादे काम पुरुषांच्या हातून स्त्रियांच्या हाती गेले की त्या कामातील विद्या 'स्वभाव' म्हणून ओळखली जाऊ लागते. आणि तेच काम स्त्रियांच्या हातून पुरुषांच्या हाती गेले की कालपर्यंतचा स्वभाव 'शास्त्र' होतो. काम बदललेले नसते. त्याला लागणारा वेळ, कष्ट, बुद्धी यांत फारसा फरक पडलेला नसतो. बदललेले असते ते त्या कामाचे वर्णन, आणि वर्णनापाठोपाठ त्याचा मान आणि मोबदला. व्यवसायांच्या इतिहासात हे स्थित्यंतर पुन्हा पुन्हा दिसते. छंदांच्या आणि कलांच्या इतिहासातही दिसते. साहित्याच्या अभ्यासकांनी त्याकडे लक्ष द्यावे असे आम्हांला वाटते, कारण ते प्रथम भाषेत घडते.

आपल्या अगदी जवळचे उदाहरण ओवीचे आहे. कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसऱ्या सोमेश्वराने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात सिद्ध केलेल्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओव्या गातात, अशी नोंद आहे. म्हणजे ओवीचा जुना पत्ता उखळ-मुसळाजवळचा आहे. पुढे १२९० साली ज्ञानेश्वरांनी याच छंदाला गीतेवरील टीकेच्या योग्यतेला नेले. ज्ञानेश्वरांच्या मनात स्त्रियांच्या ओवीविषयी तुच्छता होती असे कोणी म्हणणार नाही. उलट जे जिव्हाळ्याचे आणि सर्वांना कळणारे, तेच त्यांनी निवडले. आम्हांला पाहायचे आहे ते पुढील सात शतकांच्या वाङ्मयविचाराने काय केले, ते. ग्रंथातील ओवीचे व्याकरण झाले, छंदःशास्त्र झाले, पाठचिकित्सा झाली. जात्यावरची ओवी मात्र 'आपसूक' स्फुरणारी मानली गेली. झऱ्याची, पाखराची, मातीची अशा सगळ्या निसर्गाच्या उपमा तिच्यासाठी राखून ठेवलेल्या आढळतील. उपमा गौरवाच्याच आहेत. परंतु झऱ्याला कोणी कवी म्हणत नाही. ज्या बाईला पहाटेच्या अंधारात, जाते ओढण्याच्या लयीवर, दळण संपेपर्यंत नवी रचना करावी लागते, तिच्या त्या रचनाकौशल्याला नाव द्यायला आपल्याकडे परिभाषाच नव्हती. विसाव्या शतकाच्या अखेरीस हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी गावोगावच्या लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्या आता 'पारी' या संकेतस्थळावर गाणाऱ्या बाईच्या आणि तिच्या गावाच्या नावासह वाचायला मिळतात. 'लोक' या समूहवाचक शब्दामागे दडलेल्या कवयित्रीला नाव मिळण्यास एवढा काळ जावा लागला.

ओवीत जे संथपणे घडले ते मराठी रंगभूमीवर सुमारे अर्धशतकात घडले, आणि उलट दिशेने घडले. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'संगीत शाकुंतल'चा प्रयोग झाला आणि संगीत रंगभूमीचा काळ सुरू झाला. या रंगभूमीवरील नायिका पुरुष होत्या. भाऊराव कोल्हटकर आणि त्यांच्यानंतर बालगंधर्व यांनी स्त्रीभूमिकेला जी प्रतिष्ठा मिळवून दिली, ती मराठी समाजाने आजही विसरलेली नाही. पदर सावरणे, मान किंचित कलती ठेवणे, लाजणे, रुसणे या साऱ्यांचे निरीक्षण, सराव आणि सादरीकरण म्हणजे कला, याविषयी कोणाच्याही मनात शंका नव्हती. ज्या स्त्रिया घरात हेच सहज करीत होत्या, त्या प्रेक्षागृहात बसून बालगंधर्वांकडून नेसण्याच्या आणि नटण्याच्या तऱ्हा उचलत होत्या. १९३३ साली 'नाट्यमन्वंतर' या संस्थेच्या 'आंधळ्यांची शाळा' या नाटकात ज्योत्स्ना भोळे रंगमंचावर आल्या. स्त्रीभूमिका स्त्रीने करणे ही पुढे रूढी झाली. आणि मग एक गोष्ट हळूच बदलली. पुरुषाने स्त्री साकारली तर तो 'अभिनय' होता. स्त्रीने स्त्री साकारली तर तिने निराळे काय केले, असा प्रश्न निर्माण झाला. नटीच्या आवाजाची, रूपाची, 'गोडव्या'ची स्तुती होऊ लागली; तिच्या अभ्यासाची चर्चा मागे पडली. स्त्रीपार्टी नटाला स्त्री 'उभी करावी' लागे. नटी मुळातच स्त्री 'होती'.

येथे मान आणि मोल यांतील फरकाकडेही लक्ष वेधायला हवे. चित्रपटसृष्टीत नटीला पैसा आणि प्रसिद्धी दोन्ही मिळाली, हे खरेच आहे. म्हणून स्त्रिया आल्या की व्यवसायाचे मोल पडतेच, असा यांत्रिक नियम सांगता येणार नाही. परंतु कौशल्याचे श्रेय नैसर्गिक गुणाकडे वळवणे, ही क्रिया तेथेही थांबत नाही. आणि ज्या व्यवसायांना प्रसिद्धीचे कवच नसते, तेथे या वळवण्याचा परिणाम थेट हातात पडणाऱ्या रुपयांवर होतो. अध्यापनाचा व्यवसाय हे त्याचे सर्वांत बोलके उदाहरण.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील पंतोजी काही सुखवस्तू नव्हता. त्याचे उत्पन्न बहुधा धान्यावर, सणावारी मिळणाऱ्या शिध्यावर आणि पालकांच्या मर्जीवर अवलंबून असे. त्याच्या छडीची जितकी आठवण राहिली तितकी त्याच्या विद्वत्तेची राहिली नाही. तेव्हा 'पूर्वी शिक्षकाला फार मान होता, स्त्रिया आल्या आणि तो गेला' ही कथा जशीच्या तशी खरी मानता येत नाही. तरीही पंतोजी जे करतो ते काम आहे आणि त्याचा मोबदला द्यायला हवा, हे गृहीत होते. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुले यांनी प्राथमिक शिक्षकाला दरमहा निदान बारा रुपये आणि मोठ्या गावात पंधरा ते वीस रुपये वेतन असावे, अशी मागणी केली होती. शिक्षक प्रशिक्षित हवा आणि त्याला पुरेसे वेतन हवे, हे दोन मुद्दे त्यांनी एकत्र ठेवले, ही त्यांची दूरदृष्टी.

अमेरिकेत याच शतकात शाळा मोठ्या प्रमाणावर स्त्रियांच्या हाती गेल्या. तेथील कारण उघड होते. सार्वजनिक शाळा झपाट्याने वाढत होत्या, त्यांचा खर्च करदात्यांवर पडत होता, आणि स्त्री-शिक्षिका पुरुषाच्या निम्म्या किंवा त्याहूनही कमी पगारावर मिळत होत्या. कॅथरीन बीचर यांच्यासारख्या स्त्रीशिक्षणाच्या पुरस्कर्त्यांनी स्त्रियांसाठी या व्यवसायाचे दार उघडले, ते मातृत्वाचा आणि काटकसरीचा असा दुहेरी युक्तिवाद करून. स्त्री ही निसर्गतःच शिक्षिका आहे आणि ती कमी पैशांत समाधानी राहते, हे दोन्ही एका दमात सांगितले गेले. दार उघडले हे खरे. पण दारावर किंमत लिहूनच ते उघडले गेले.

महाराष्ट्रात स्त्री-शिक्षिका आल्या त्या वेगळ्या वाटेने. सावित्रीबाई फुले यांनी १८४८ साली पुण्यात शिकवायला सुरुवात केली तेव्हा स्वस्त मनुष्यबळाचा प्रश्नच नव्हता. प्रश्न होता तो मुलींना शिकवण्याचा अधिकार मिळवण्याचा. पुढे मुलींच्या शाळांना स्त्री-शिक्षिकाच हव्यात या सामाजिक अपेक्षेतून पुण्यात १८७० साली स्त्रियांसाठी अध्यापनाचे स्वतंत्र विद्यालय निघाले. धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ साली स्थापन केलेल्या आश्रमाने आणि रमाबाई रानडे यांच्या प्रयत्नांतून १९०९ साली पुण्यात उभ्या राहिलेल्या सेवासदनाने कित्येक विधवांना शिक्षिका किंवा परिचारिका म्हणून पायावर उभे केले. या संस्थांचे ऋण मोठे आहे. परंतु 'सेवासदन' या नावातील पहिला शब्द आपण थांबून वाचला पाहिजे. त्या काळी घराबाहेर पडणाऱ्या स्त्रीला समाजाने एकच परवाना दिला होता, तो सेवेचा. 'मी कमावते' असे म्हणणाऱ्या विधवेला जगणे अवघड झाले असते. 'मी सेवा करते' असे म्हणणारीला निदान रस्त्यावरून चालता आले. तेव्हा या शब्दाची निवड शहाणपणाची होती. मात्र जो शब्द एका पिढीला उंबरठा ओलांडण्यासाठी उपयोगी पडला, तोच पुढच्या पिढ्यांचा पगार ठरवताना त्यांच्याविरुद्ध वापरला जाईल, याची कल्पना त्या पिढीला कशी यावी?

मराठी भाषेने या स्थित्यंतराची आणखी एक खूण जपली आहे. आपल्याकडे व्यवसायवाचक नामाचे स्त्रीलिंगी रूप पूर्वी प्रायः पत्नीचा बोध करून देई. पाटलीण म्हणजे पाटलाची बायको, सुभेदारीण म्हणजे सुभेदाराची. 'मास्तरीणबाई' हा शब्द पुष्कळ काळ मास्तरांच्या पत्नीसाठी आणि स्वतः शिकवणाऱ्या स्त्रीसाठी असा दोन्ही अर्थांनी चालला. शेवटी शाळेत ती नुसती 'बाई' झाली. पुरुष शिक्षकाला 'गुरुजी' किंवा 'सर' म्हणताना मुले त्याच्या पदाला हाक मारतात; 'बाई' म्हणताना तिच्या स्त्रीत्वाला. या हाकेत जिव्हाळा आहे, याबद्दल वाद नाही. पण पदाचा उल्लेख त्यात नाही, हेही तितकेच खरे. याच्या उलट 'सुईण' हा शब्द पाहावा. त्याला पुल्लिंगी रूपच नाही. बाळंतपणाच्या कामात पुरुष आला तेव्हा त्याने सुईणीचे नाव घेतले नाही. तो 'प्रसूतितज्ज्ञ' झाला.

बालशिक्षणाच्या क्षेत्रात या इतिहासाचे टोक गाठले गेले. १९२६ साली गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांच्या पुढाकाराने नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. ताराबाईंनी मॉन्टेसरी पद्धतीचा कसून अभ्यास केला, ती जशीच्या तशी न उचलता येथील मुलांच्या जगण्याला जुळवून घेतली, आणि १९४५पासून बोर्डीला व पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांमध्ये तिचे प्रयोग केले. अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाच्या अंगणात जावे, या विचारातून अंगणवाडीची कल्पना आकाराला आली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळाही निघाली. महाराष्ट्रात बालशिक्षणाचे शास्त्र म्हणून जे काही उभे राहिले, त्यात या दोघींचा वाटा फार मोठा आहे. तीन वर्षांच्या मुलाला कशात रस वाटतो, किती वेळ वाटतो, तो कसा टिकवायचा, हे त्यांनी निरीक्षणाने आणि प्रयोगाने ठरवले. 'आईच्या मायेने' आपोआप उमजले असे त्या मानत नव्हत्या.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि 'अंगणवाडी' हा शब्द देशभर पोचला. शब्द गेला, पण त्यामागील शास्त्राची किंमत त्याच्याबरोबर गेली नाही. अंगणवाडीत मुलांना शिकवणारी, त्यांचे वजन करणारी, पोषण आहाराचा हिशेब ठेवणारी, गरोदर स्त्रियांच्या नोंदी करणारी स्त्री 'शिक्षिका' झाली नाही. ती 'सेविका' झाली. तिला वेतन ठरले नाही, 'मानधन' ठरले. मराठीतील हा शब्द मोठा विलक्षण आहे. व्याख्यात्याला किंवा परीक्षकाला प्रसंगी दिली जाणारी रक्कम, जिचा त्याच्या पोटापाण्याशी संबंध नाही, ती मानधन. तो शब्द रोज काम करणाऱ्या लाखो स्त्रियांच्या महिन्याच्या कमाईला लावला गेला. मान असल्यामुळे धन कमी चालेल, असा अर्थ त्यात आपोआप आला. आणि प्रत्यक्षात मानही मिळाला नाही.

कायद्याने समान कामाला समान वेतन देणे बंधनकारक केल्यावर, १९७६च्या समान मोबदला कायद्यानंतरही, हे कसे घडू शकले? त्याचे उत्तर शब्दांतच आहे. अनुदानित शाळेत शिक्षक आणि शिक्षिका यांची वेतनश्रेणी एकच असते. एकाच पदावरील स्त्रीला कमी पगार देता येत नाही. म्हणून पदच निराळे निर्माण होते, त्याला निराळे नाव दिले जाते आणि त्या नावात सेवा, स्वेच्छा, माया असे काही घातले जाते. २००५नंतर आलेल्या 'आशा' कार्यकर्तीच्या बाबतीतही तेच झाले. ती 'स्वयंसेविका' ठरली. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविकांचे पद नागरी सेवेतील पद नव्हे, असा निर्णय दिला होता. २०२२च्या एप्रिलमध्ये त्याच न्यायालयाच्या दुसऱ्या पीठाने त्यांना उपदान कायद्याचा लाभ मिळाला पाहिजे, त्यांचे काम अर्धवेळ म्हणता येणार नाही आणि त्यांना मिळणारे मानधन हे त्या कायद्याच्या अर्थाने वेतनच आहे, असे म्हटले. एका शब्दाच्या जागी दुसरा शब्द येण्यासाठी सत्तेचाळीस वर्षे लागली, आणि तोही एका कायद्यापुरता. २०२३च्या डिसेंबरात महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविका आणि मदतनीस संपावर गेल्या, तेव्हा त्यांच्या मागण्यांत मानधनवाढीबरोबर उपदानाचीही मागणी होती, हे या पार्श्वभूमीवर समजून घ्यायला हवे.

येथवर पाहिलेली बहुतेक उदाहरणे स्त्रीकडे आलेल्या किंवा स्त्रीकडेच राहिलेल्या कामांची होती. काम उलट दिशेने, स्त्रीकडून पुरुषाकडे गेले तर काय होते, हे तपासल्याशिवाय आमचे म्हणणे पुरे होणार नाही. त्यासाठी दूरचे, पण नोंदी नीट उपलब्ध असलेले उदाहरण घेऊ. इंग्रजीत 'कॉम्प्युटर' हा शब्द यंत्राला लागण्यापूर्वी आकडेमोड करणाऱ्या माणसाला लावला जाई, आणि वेधशाळांत व युद्धकाळातील संशोधनकेंद्रांत ही माणसे पुष्कळदा स्त्रिया असत. १९४६ साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात 'एनिॲक' हा संगणक जगापुढे आला. त्यावर गणिते चढवण्याचे, म्हणजे आज ज्याला आपण प्रोग्रॅमिंग म्हणतो ते काम, सहा स्त्रियांनी केले होते. यंत्र बांधणाऱ्या पुरुषांचे नाव झाले. यंत्राकडून काम करवून घेणे ही कारकुनी समजली गेली. या सहा जणींचा जाहीर गौरव होण्यास १९९७ साल उजाडले. १९६७ साली 'कॉस्मोपॉलिटन' या स्त्रियांच्या मासिकाने संगणकक्षेत्रातील मुलींवर लेख छापला, तेव्हा या क्षेत्रातील थोर तज्ज्ञ ग्रेस हॉपर यांनी प्रोग्रॅमिंगची तुलना मेजवानीची आखणी करण्याशी केली. मुलींना धीर यावा म्हणून ही उपमा असावी. परंतु ती स्वयंपाकघरातून आली, हे महत्त्वाचे.

पुढे या कामाला पैसा आणि सत्ता आली. १९६८ साली जर्मनीत गार्मिश येथे भरलेल्या परिषदेने 'सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग' या नावाला प्रतिष्ठा दिली. कारकुनीची अभियांत्रिकी झाली. भरतीच्या कसोट्या आल्या आणि माणसांत न रमणारा, एकलकोंडा, कोड्यात हरवलेला असा प्रोग्रॅमरचा साचा तयार झाला. तो साचा पुरुषाचा होता. अमेरिकेत संगणकशास्त्राच्या पदव्या घेणाऱ्यांत १९८४च्या सुमारास स्त्रियांचे प्रमाण ३७ टक्के होते. २०१०नंतरच्या वर्षांत ते १८ टक्क्यांच्या आसपास उतरले होते. कालपर्यंत चिकाटी आणि नेटकेपणा या 'बायकी' गुणांमुळे ज्या कामाला स्त्री योग्य, त्याच कामाला आता पुरुषाची 'तर्कबुद्धी' लागते असे सांगितले जाऊ लागले. आपल्याकडे याच विषयाच्या वर्गांत मुली मोठ्या संख्येने बसतात, कारण सावलीत, टेबलाशी बसून करायचे हे काम मध्यमवर्गीय पालकांना मुलींसाठी सोयीचे वाटले. एकच विषय एका देशात पुरुषाच्या स्वभावाला अनुकूल आणि दुसऱ्या देशात स्त्रीच्या! स्वभावाचा आधार किती ठिसूळ आहे, हे सांगण्यास याहून वेगळा पुरावा नको.

येथे एक आक्षेप येऊ शकतो. स्त्रिया आल्यामुळे मोल पडते, की मोल पडल्यामुळे पुरुष निघून जातात आणि रिकाम्या जागी स्त्रिया येतात? प्रश्न रास्त आहे. असफ लेव्हानॉन, पॉला इंग्लंड आणि पॉल ॲलिसन या समाजशास्त्रज्ञांनी १९५० ते २००० या काळातील अमेरिकी जनगणनेची आकडेवारी या प्रश्नासाठी तपासली आणि २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला. शिक्षण आणि कौशल्य यांचा हिशेब वेगळा काढल्यावरही, व्यवसायातील स्त्रियांचे प्रमाण वाढले की पुढील काळात त्याचे वेतन घसरते, याला त्यांना पुरावा मिळाला. याचा अर्थ दुसरी प्रक्रिया कोठेच घडत नाही, असा नव्हे. कमी पगारावर शिक्षिका नेमल्या गेल्या, तेव्हा दोन्ही प्रक्रिया एकमेकींत गुंतलेल्या होत्या. त्यांना जोडणारा धागा म्हणजे पुरुष घर चालवतो आणि स्त्री 'घराला हातभार लावते', ही समजूत. हातभाराला पुरा पगार द्यावा लागत नाही.

दुसरी मर्यादा आमच्या मांडणीतच आहे आणि ती स्पष्ट करायला हवी. 'स्त्री' हा शब्द आपल्या समाजात एकटा कधीच नसतो; त्याला जात चिकटलेली असते. बालगंधर्वांच्या रंगभूमीवर 'कुलीन' स्त्री नव्हती, पण त्याच काळी तमाशाच्या फडावर पवळा हिवरगावकर होत्या. पठ्ठे बापूरावांचे नाव शाहीर म्हणून वाङ्मयेतिहासात गेले. पवळाबाईंची आठवण मात्र बहुतेक वेळा त्यांच्या रूपाच्या वर्णनाने सुरू होते. कवन करणारा ब्राह्मण पुरुष आणि ते अंगावर पेलणारी महार स्त्री, यांत एकाकडे प्रतिभा गेली आणि दुसरीकडे देखणेपण. तेव्हा विद्येला स्वभाव ठरवण्याची जी क्रिया आम्ही सांगत आहोत, तिला स्त्रीत्वाबरोबर जातीचीही धार आहे. गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या मुंबईच्या खाणावळवाल्या बायकांना १९७५ साली प्रेमा पुरव यांच्या पुढाकाराने अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र यावे लागले, ते त्यांच्या हाताला चव नव्हती म्हणून नव्हे; चवीवर कर्ज मिळत नव्हते म्हणून.

आता ज्यासाठी हा सगळा विस्तार केला, त्याकडे वळतो. आम्ही मराठी शिकवतो. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आणि आमच्या महाविद्यालयांतून ढोल वाजले. त्याच महाविद्यालयांच्या अध्यापक-कक्षांत एक वाक्य वारंवार ऐकू येते: 'मराठीला काय, आता मुलीच येतात.' हे वाक्य विषयाच्या ऱ्हासाचे निदान म्हणून उच्चारले जाते. वर्गात मुली अधिक आहेत, हे खरे. आणखीही काही खरे आहे. पूर्णवेळ जागा भरल्या जात नाहीत. तासिका तत्त्वावर, तासाच्या हिशेबाने, वर्षानुवर्षे शिकवणाऱ्यांची पिढी तयार झाली आहे. प्राथमिक शिक्षकासाठी २०००पासून आलेला 'शिक्षणसेवक' हा शब्दही याच कुळातला. व्यवसायाचे मोल उतरवायचे ठरले की पुरुषालाही सेवक व्हावे लागते. असे असताना ऱ्हासाचे कारण मुली ठरतात आणि रिकाम्या जागा ठरत नाहीत, याचे आम्हांला नवल वाटते.

याहून सूक्ष्म धोका स्तुतीत आहे. 'मुली मुळात संवेदनशील असतात, म्हणून त्या साहित्याकडे वळतात', असे कौतुकाने म्हटले जाते. हे वाक्य ऐकताना 'हाताला चव आहे' हे वाक्य आठवावे. ज्ञानेश्वरीच्या पाठभेदांतून वाट काढणे, वृत्त ओळखणे, महानुभावांच्या सांकेतिक लिपीचा इतिहास लावणे, एखाद्या कादंबरीतील निवेदकावर किती विश्वास ठेवावा हे ठरवणे, यांपैकी काहीही संवेदनशीलतेने साधत नाही. त्याला बैठक लागते, स्मरण लागते, शंका घेण्याची शिस्त लागते. जी विद्यार्थिनी बसचे दोन टप्पे बदलून येते, घरचे काम उरकून रात्री टिपणे काढते आणि उत्तम प्रबंध लिहिते, तिच्या यशाला 'संवेदनशीलता' म्हणणे म्हणजे तिचे कष्ट तिच्याकडून काढून निसर्गाला देणे होय. आणि एकदा ते निसर्गाला दिले की, ज्याला निसर्गतःच येते त्याला शिकवायला पूर्णवेळ प्राध्यापक कशाला, हा प्रश्न फार दूर नसतो.

२०२५ साली दिल्लीला भरलेल्या अठ्ठ्याण्णवाव्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी तारा भवाळकर होत्या. १९६१मधील कुसुमावती देशपांडे यांच्यापासून मोजले तर अठ्ठ्याण्णव संमेलनांत हा मान मिळालेल्या त्या सहाव्या स्त्री. त्यांची हयात लोकसंस्कृतीच्या आणि स्त्रियांच्या मौखिक रचनांच्या अभ्यासात गेली. ज्याला पिढ्यान्पिढ्या झरा म्हटले गेले, त्यामागचा विचार आणि विद्रोह दाखवून देण्याचे काम त्यांनी केले. आम्हांला त्यातून धडा मिळतो तो असा, की उतरलेले मोल परत आणण्यासाठी वर्गात मुलगे परत आणण्याची योजना करणे हा उपाय नव्हे. तसे केल्यास 'पुरुष आले की शास्त्र' हा जुना नियमच आपण मान्य केल्यासारखे होईल. उपाय अधिक साधा आणि अधिक कष्टाचा आहे. जे काम होत आहे त्यातील विद्या नेमकी कोणती, तिचे वर्णन करणे. शिफारसपत्रात, परीक्षणात, वाङ्मयेतिहासात स्त्रीविषयी 'तरल', 'हळुवार', 'सहज' असे शब्द येऊ लागले की हात थांबवून तिने नेमके काय केले ते लिहिणे. आणि जेथे वेतन आहे तेथे त्याला वेतन म्हणणे. शब्दांचा व्यवसाय करणाऱ्यांना एवढे तरी करता यावे. पुढील सत्रातील मूल्यमापन-अहवाल आम्हांलाच लिहायचे आहेत. सुरुवात तेथून करता येईल.